नागासाकीचे पाइन आणि श्वासनळीतले प्रवासी

१९०५ च्या सुमारास जपानच्या क्यूशू बेटावर, नागासाकी बंदराच्या आजूबाजूच्या टेकड्यांवर, पाइनची झाडं वाळू लागली. उन्हाळा सरता सरता त्यांच्या सुया फिक्या पडत, मग पिवळ्या होत आणि काही आठवड्यांत अख्खं झाड विटकरी तांबडं दिसू लागे. मेपलसारख्या झाडांनी शरदात लाल व्हायचं, हे जपानी माणसाला ठाऊक होतं; ते पाहायला तो मुद्दाम डोंगरात जातो. पण पाइनने लाल व्हायचं नसतं. पाइन बाराही महिने हिरवा, म्हणूनच त्याचा मान. नव्या वर्षाला दाराशी पाइनच्या फांद्या लावायच्या, नो नाटकाच्या रंगमंचामागे पाइनचं चित्र रंगवायचं, मंदिराच्या आवारातल्या म्हाताऱ्या पाइनला टेकू देऊन जपायचं, ही सगळी त्या हिरवेपणाची पूजा आहे.

आणि पाइनचं काम पूजेपुरतं नव्हतं. करात्सू गावाजवळ समुद्रकाठाने साडेचार किलोमीटर पसरलेलं काळ्या पाइनचं बन सतराव्या शतकात तिथल्या सरदाराने लावून घेतलं. उडणारी वाळू आणि खारा वारा भाताच्या खाचरांपर्यंत पोचू नये, एवढाच त्यामागचा व्यवहारी हेतू. कोकणच्या किनाऱ्यावर वनखात्याने लावलेली सुरूची बनं जे काम करतात तेच जपानी किनाऱ्यावर पाइन करतात, फक्त तीनशे वर्षं आधीपासून. अशी बनं जपानच्या किनाऱ्याने जागोजाग उभी होती. टेकड्यांवर लाल पाइन होता. त्याच्या वाळलेल्या काटक्यांवर खेड्यातली चूल चालायची आणि मुळांशी मात्सुताके नावाचं महागडं अळंबं उगवायचं. नागासाकीच्या टेकड्यांवर जे मरत होतं त्याच्याशी इतक्या लोकांचं पोट आणि मन बांधलेलं होतं.

वनकीटकतज्ज्ञ यानो यांनी या मरतुकीचा अभ्यास करून १९१३ मध्ये अहवाल दिला. पाइनच्या मरतुकीची ही पहिली शास्त्रीय नोंद. वाळलेल्या झाडांची साल सोलली की आत अळ्याच अळ्या सापडत. सालीखालचे बारीक भुंगे, सोंडेचे भुंगे, लांब शिंगांचे भुंगे, असे कितीतरी. मग साहजिकच ठरलं की पाइन किडे खातात आणि झाड मरतं. या सगळ्या किड्यांना मिळून एकच नाव पडलं, 'मात्सुकुइमुशी', म्हणजे पाइन खाणारे किडे. पुढची जवळजवळ साठ वर्षं गुन्हेगार म्हणून हेच नाव कागदोपत्री राहिलं.

रोग मात्र डोंगरावरून डोंगरावर सरकत पुढे गेला नाही. तो उड्या मारत गेला. १९२१ मध्ये तो थेट होन्शू बेटावर, ह्योगो प्रांतातल्या आइओई इथे दिसला. नागासाकीपासून शेकडो किलोमीटर दूर, आणि मधल्या प्रदेशात त्याचा पत्ता नाही. आइओई हे जहाजं बांधणाऱ्या गोद्यांचं गाव. त्याच दशकात सासेबोतही झाडं मरू लागली, आणि सासेबो म्हणजे नौदलाचा तळ. बंदर, गोदी, तळ, जिथे जिथे लाकूड उतरत होतं तिथे तिथे पाइन लाल होत होता. आज हा नकाशा समोर ठेवला की उत्तर डोळ्यांत भरतं. तेव्हा प्रत्येक जण मेलेल्या झाडाच्या सालीखाली पाहत होता, लाकडाच्या वाटेकडे कुणी पाहिलं नाही.

मग युद्ध आलं. जंगलात काम करणारे हात सैन्यात गेले. १९४४ पासून विमानांना इंधन हवं म्हणून गावोगावच्या बायकामुलांना पाइनची मुळं खणायला लावली गेली. त्या मुळांपासून तेल काढायचं होतं. उभ्या झाडांना चिरा पाडून राळही गोळा केली. कानाझावाच्या केन्रोकुएन या प्रसिद्ध बागेतल्या पाइनच्या बुंध्यांवर त्या चिरांचे व्रण अजून दिसतात. वाळलेली झाडं कुणी उचलत नव्हतं, उचललेली कुठे जातायत ते कुणी विचारत नव्हतं. युद्ध संपल्यावर १९४० च्या दशकाअखेरीस वर्षाला सुमारे १२ लाख घनमीटर पाइन मरत होता.

जपान तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. तोक्योतल्या लष्करी मुख्यालयाने आर. एल. फर्निस या अमेरिकी वनकीटकतज्ज्ञाला बोलावलं. त्यांनी १९५० मध्ये पाहणी केली आणि सांगितलं ते अगदी साधं होतं: मेलेलं प्रत्येक झाड भुंगे बाहेर पडायच्या आत तोडा, साल काढा, जाळून टाका. त्याच वर्षी वनकीड नियंत्रणाचा कायदाही झाला. गावोगाव माणसं कामाला लागली आणि मरतूक खरोखर उतरली. वर्षाकाठी नुकसान सुमारे एक-तृतीयांशावर आलं. फर्निस यांना खरा मारेकरी माहीत नव्हता. निदान अपुरं होतं, उपाय मात्र बरोबर बसला, कारण लाकडाबरोबर मारेकरीही जळत होता. या संपूर्ण इतिहासात इतका परिणामकारक उपाय नंतर दुसरा झाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो चालला तोवरच चालला. १९६० च्या दशकात जपानी खेड्यात रॉकेल आणि गॅस आला. काटक्या वेचायला डोंगरात जाणं बंद झालं. तरुण शहरात गेले. वाळलेला पाइन पूर्वी कुणाच्या तरी चुलीत जायचा. आता तो उभ्या उभ्या सडू लागला. मरतूक परत वर चढली.

याच काळात एक छोटी चाचणी सगळ्या समजुतीला धक्का देऊन गेली. निरोगी पाइनच्या बुंध्याला भोक पाडलं की तासाभरात त्यातून राळ झिरपू लागते, दुसऱ्या दिवशी भोक भरून वाहतं. ही राळ म्हणजे झाडाचं संरक्षण. सालीत शिरलेला किडा तिच्यात बुडून मरतो. ओदा या संशोधकाने १९६७ च्या सुमारास झाडोझाड अशी भोकं पाडून नोंदी ठेवल्या. दिसायला पूर्ण हिरव्या असलेल्या काही झाडांच्या भोकांत राळ आलीच नाही. आणि भुंग्यांनी अंडी घातली ती नेमकी याच झाडांवर. राळ वाहणाऱ्या झाडावर त्यांना घर करता येत नव्हतं. याचा अर्थ एकच निघत होता. 'पाइन खाणारे किडे' येण्याच्या आधीच झाड आतून मोडलेलं असतं. साठ वर्षं ज्यांना मारेकरी म्हटलं ते मेल्यावर जमणारे निघाले.

मग आधी कोण येतं? १९६८ मध्ये सरकारी वन संशोधन संस्थेने चार वर्षांचा देशव्यापी प्रकल्प सुरू केला. मुळं, माती, हवेतलं प्रदूषण, बुरशी, सगळं तपासायचं ठरलं. क्यूशूतल्या कुमामोतो शाखेत तोकुशिगे आणि कियोहारा मेलेल्या पाइनचं लाकूड तपासत होते. त्या लाकडात त्यांना वळवळणारे, डोळ्यांना न दिसणारे, लांबीला जेमतेम एक मिलिमीटरपर्यंत भरणारे सूत्रकृमी सापडले, तेही बेसुमार. १९६९ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. सूत्रकृमी मेलेल्या लाकडात सापडणं नवलाचं नव्हतं. बुरशीवर जगणारे कितीतरी तिथे राहतात. त्यामुळे बहुतेकांनी याकडे दुर्लक्ष केलं असतं तर त्यांना दोष देता आला नसता. या दोघांनी ते वाढवले आणि निरोगी, पूर्ण वाढलेल्या पाइनमध्ये टोचले. ऐन उन्हाळ्यात टोचलेली झाडं त्याच वर्षी तांबडी होऊन मेली.

१९७२ मध्ये मामिया यासुहारू आणि कियोहारा यांनी या सूत्रकृमीचं रीतसर वर्णन केलं. त्याच वर्षी मामिया आणि एंदा, तसंच मोरिमोतो आणि इवासाकी, या दोन जोड्यांनी दाखवून दिलं की तो एका झाडातून दुसऱ्या झाडात जातो तो मोनोकॅमस अल्टर्नेटस या लांब शिंगांच्या भुंग्यातून. आपल्याकडे आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड आहे ना, हा त्याच कुळातला. म्हणजे 'मात्सुकुइमुशी' या यादीतला एक जण दोषी होताच, फक्त आरोप चुकीचा होता. तो झाड खाऊन मारत नव्हता. मारणाऱ्याला घेऊन येत होता.

हा प्रवास कसा घडतो ते जरा जवळून पाहायला हवं, कारण या रोगाची सगळी ताकद त्यातल्या झोपेत आहे.

उन्हाळ्यात झाड मेलं. मरणाऱ्या झाडाच्या वासाने भुंग्याच्या माद्या आल्या, सालीत अंडी घालून गेल्या. त्यांच्याबरोबर निळसर डाग पाडणारी बुरशीही लाकडात शिरली. झाडाच्या जिवंत पेशी संपल्या तेव्हा सूत्रकृमी या बुरशीवर जगू लागले. २५ अंश सेल्सिअसला त्यांची एक पिढी चार-पाच दिवसांत पुरी होते, त्यामुळे त्यांची संख्या लाखोंच्या घरात जाते. भुंग्याची अळी आधी सालीखाली खाते, मग लाकडात इंग्रजी 'यू' च्या आकाराचं भुयार पाडते आणि त्याच्या टोकाशी, भुशाने तोंड बुजवून, स्वतःसाठी कोठडी करते. हिवाळा तिचा तिथेच जातो.

थंडी पडली, लाकूड कोरडं होऊ लागलं, खाणं आटलं, की सूत्रकृमींची नवी पिल्लं नेहमीसारखी वाढत नाहीत. तिसऱ्या अवस्थेत ती एक वेगळंच रूप घेतात. कातडी जाड होते, अंगात चरबीचे थेंब इतके साठतात की सूक्ष्मदर्शकाखाली शरीर काळपट दिसतं, आणि खाणं पूर्ण बंद होतं. या रूपात ती महिनोन्महिने काढू शकतात. थंडी, उपासमार, कोरडेपणा, ज्यात त्यांची साधी भावंडं मरून जातील ते सगळं ती सोसतात. आणि ती लाकडात सैरावैरा पसरलेली नसतात. हळूहळू सरकत ती भुंग्याच्या कोठडीच्या भिंतींपाशी गोळा होतात. आत भुंग्याची अळी, बाहेर भिंतीत हजारो झोपलेले सूत्रकृमी, असा तो हिवाळा.

वसंतात अळी कोषात जाते. वसंत सरत आला की कोष फुटून भुंगा बाहेर येतो, पण लगेच उडत नाही. अंग टणक होईपर्यंत काही दिवस तो कोठडीतच थांबतो. नेमक्या याच दिवसांत भिंतीतल्या सूत्रकृमींची पुढची कात टाकली जाते आणि चौथी अवस्था तयार होते. ही अवस्था फक्त प्रवासासाठी आहे. तिला खायला तोंड नाही, झाड टोचायला सुई नाही. अंगावर चिकट थर मात्र आहे. ती भुंग्याच्या अंगावर चढते, पोटाच्या बाजूच्या श्वासरंध्रातून आत शिरते आणि श्वासनळ्यांमध्ये जाऊन पडून राहते. एका भुंग्यात असे हजारो प्रवासी असतात; काही भुंग्यांमध्ये दोन लाखांहून अधिक मोजले गेले आहेत. भुंगा वेळेवर तयार झाला हे त्यांना कसं कळतं, याचं उत्तर मिळायला बरीच वर्षं लागली. चीनमधल्या झाओ लिलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोषातून बाहेर पडतानाचा भुंगा काही विशिष्ट स्निग्ध रसायनं सोडतो आणि त्यांच्या संपर्काने ही पिल्लं कात टाकतात. थोडक्यात, दोघांचं घड्याळ एकच.

मग भुंगा लाकडाला गोल भोक पाडून बाहेर येतो, जवळच्या निरोगी पाइनवर जातो आणि कोवळ्या फांद्यांची साल खाऊ लागतो. अंडी घालण्याआधी त्याला काही आठवडे असं खावंच लागतं. पहिले काही दिवस प्रवासी उतरत नाहीत. साधारण दहा दिवसांनंतर ते श्वासनळ्यांतून निघून भुंग्याच्या शेपटीच्या टोकाशी येतात आणि त्याने कुरतडलेल्या ओल्या जखमेत उतरतात. आत गेल्यावर दोन दिवसांत कात टाकून प्रौढ होतात. आता तोंडही आहे आणि सुईही. राळेच्या नलिकांभोवतीच्या पेशी ते खात सुटतात. राळ थांबते. ओदा यांच्या भोकांत जी राळ आली नव्हती ती इथे अडली होती. मग बुंध्यातला पाण्याचा प्रवाह हवेच्या बुडबुड्यांनी तुटत जातो, सुया तांबड्या होतात, आणि त्या मरणाच्या वासावर दुसरे भुंगे अंडी घालायला येतात.

कारण सापडलं तरी मरतूक थांबली नाही, उलट वाढली. १९७७ मध्ये संसदेने खास कायदा करून हेलिकॉप्टरमधून कीटकनाशक फवारायला सुरुवात केली. मुदत वाढवत वाढवत तो कायदा १९९७ पर्यंत चालला. मधमाश्या, पाणी आणि लोकांची तब्येत यांवरून त्याला ठिकठिकाणी जोरदार विरोध झाला आणि तो विरोध रास्त होता. १९७८ चा उन्हाळा कडक आणि कोरडा गेला. तहानलेलं झाड आणि उष्ण हवा, सूत्रकृमीला याहून काय हवं? १९७९ मध्ये एका वर्षात २४ लाख घनमीटरहून जास्त पाइन मेला. हा उच्चांक अजून मोडलेला नाही. १९८२ पर्यंत जपानच्या ४७ प्रांतांपैकी ४५ प्रांतांत रोग पोचला होता. उरले फक्त आओमोरी आणि होक्काइदो. मात्सुताकेचं उत्पादन १९४१ मध्ये १२ हजार टन होतं. अलीकडे कित्येक वर्षी ते शंभर टनही भरत नाही.

कौतुक वाटतं ते एका शांत कामाचं. १९७८ पासून संशोधकांनी रोगाने उजाड झालेल्या बनांत जगून राहिलेली झाडं शोधली, त्यांची कलमं केली, कलमांना पुन्हा पुन्हा सूत्रकृमी टोचला. पश्चिम जपानमधल्या हजारो झाडांतून लाल पाइनची ९२ आणि काळ्या पाइनची १६ झाडं पसंत झाली. आज किनाऱ्यावर लावली जाणारी बरीच रोपं त्यांच्या वंशातली आहेत.

हा पाहुणा मुळात आला कुठून, हे १९७९ नंतर स्पष्ट झालं. अमेरिकेत मिझूरी राज्यात मेलेल्या एका पाइनमध्ये तोच सूत्रकृमी सापडला. जुने कागद उघडले तेव्हा कळलं की स्टायनर आणि ब्यूहरर यांनी १९३४ मध्येच लुइझियानातल्या लाकडातून याचं वर्णन केलं होतं, वेगळ्या नावाने. १९८१ मध्ये दोन्ही एकच असल्याचं मान्य होऊन बर्साफेलेंकस झायलोफिलस हे नाव कायम झालं. अमेरिकेचे स्थानिक पाइन हजारो वर्षं त्याच्याबरोबर राहिलेत. निरोगी झाडाला तो मारत नाही, मेलेल्या लाकडातली बुरशी खाऊन राहतो. जपानच्या पाइनने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकी लाकडातून तो नागासाकीत उतरला, हाच सगळ्या पुराव्यांचा कल आहे.

पुढे तीच वाट. १९८२ मध्ये नानजिंगला सुन यात-सेन यांच्या समाधीच्या परिसरात पाइन वाळले. १९८८ मध्ये दक्षिण कोरियात बुसान. १९९९ मध्ये पोर्तुगालच्या सेतुबाल द्वीपकल्पात, लिस्बनच्या खाली, युरोपातली पहिली नोंद. पोर्तुगालने केलेला प्रयत्न धाडसी होता. २००७ मध्ये रोगट प्रदेशाभोवती ३ किलोमीटर रुंद आणि ४३० किलोमीटर लांब पट्टा आखून त्यातला एकूण एक पाइन तोडला. भुंगा साधारणपणे दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे जात नाही, हा हिशोब. हिशोब भुंग्यापुरता बरोबर होता. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, पट्ट्यापासून खूप दूर, देशाच्या मध्यभागी रोग सापडला. पट्टा ओलांडून लाकूड गेलं होतं, ट्रकमधून.

जगाने यातून एक नियम केला. फिनलंडला १९८४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातून आलेल्या लाकडी चिप्समध्ये हा सूत्रकृमी सापडला, तेव्हापासून वाद सुरू होता. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारातलं १५ क्रमांकाचं मानक आलं. देशाबाहेर जाणारी लाकडी पेटी, पॅलेट, फळी आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवायची, किंवा धुरी द्यायची, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह उमटवायचं. झोपलेल्या सूत्रकृमीची जाड कातडी थंडी सोसते, ही उष्णता सोसत नाही. न्हावाशेवाला उतरणाऱ्या आणि तिथून द्राक्षं-यंत्रं घेऊन जाणाऱ्या पॅलेटवर हेच चिन्ह असतं. भारतानेही २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाने आयातीवर अशी बंधनं घातली.

कोकणातल्या माझ्या वाचकांना हे दूरचं वाटू नये. याच बर्साफेलेंकस वंशातला एक भाऊ कॅरिबियन बेटांत आणि दक्षिण अमेरिकेत माडाला मारतो. रोगट माडाचं खोड आडवं कापलं तर आत तांबडं कडं दिसतं, म्हणून त्याला लाल कड्याचा रोग म्हणतात. त्याचं पहिलं वर्णन त्रिनिदादमध्ये झालं, तेही १९०५ मध्येच. तिथेही सूत्रकृमीची न वाढणारी तिसरी अवस्था एका भुंग्याबरोबर माडामाडावर फिरते. तो भुंगा आपल्या माडाच्या गाभ्यात शिरणाऱ्या सोंड्याचा सख्खा नातेवाईक आहे. हा रोग भारतात नाही, पण त्याला वाहून नेऊ शकेल असा भुंगा आपल्याकडे आधीपासून आहे.

म्हणून एवढंच सांगणं आहे. परदेशातून पाम जातीचं रोप, खोड किंवा फळाचा तुकडा सामानात आणू नका, कितीही शोभिवंत असला तरी. आयात मालाच्या लाकडी पेटीवर लोंबीचं चिन्ह नसेल, किंवा तिच्या फळीतून ताजा भुसा पडत असेल, तर ती पेटी परसात किंवा बागेत टाकू नका. मुंबईत शिवडीला प्रादेशिक वनस्पती क्वारंटाइन केंद्र आहे, त्यांना कळवा.